माझ्या फॉर्मवरचा माळढोक

"साहेब, तुमचा माळढोक तितं हाय बगा," काठी रोखत बिरूतात्या म्हणाले. तात्या याच माळावर मेंढरं राखतात. आवाजात टोमणा होता, आणि तो मला मिळायलाच हवा होता.

मी तेव्हा अभयारण्यात पक्ष्यांचा सर्वे करायचो. त्या सकाळी सोलापूरच्या कॉलेजची व्हिजिट होती. मुलं रुईवरची केशरी फुलपाखरं मोजत होती. मी दुर्बीण लावली. तोच बांध, तेच उन्हात थरथरणारं गवत, तीच ताठ मान. पक्षी वळला. डोक्यावर तुरा दिसला. लांडोर!

गेल्या वर्षी इथंच मी ट्रान्सेक्ट करत होतो, म्हणजे ठरलेल्या रेषेत चालत दिसेल तो पक्षी लिहीत जायचं. तेव्हा अशीच मान दोन सेकंद दिसली. फोटो नव्हता. फॉर्मवर 'खात्री' नावाचा रकाना असतो. मी त्यात 'पक्की' लिहिलं. कित्येक सीझन माळढोक दिसला नव्हता, आणि मला तो दिसायलाच हवा होता. त्या एका शब्दावर हा पट्टा चराईला बंद झाला. तेव्हापासून तात्यांची मेंढरं पाण्यासाठी सगळ्या माळाला वळसा घालत होती.

गेल्या वर्षीही लांडोरच होती, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. पण खात्री नव्हती, हे मला लिहितानाच माहीत होतं.

तिथूनच ऑफिसातल्या माझ्या सरांना फोन लावला.

"सर, माझी माळढोकची नोंद मागे घ्यायची आहे."

"अरे, रिपोर्ट कधीच वर गेलाय. आता कशाला उकरतोस?"

"मग दुरुस्तीही वर पाठवू."

"आणि ऑफिसची इज्जत?"

"सही माझी आहे, सर. जाईल ती माझी."

त्याच दिवशी लेखी दिलं. कागद सरांच्या टेबलावर पडून राहिला. मी रोज जाऊन विचारत होतो. शेवटी कंटाळून त्यांनी तो पाठवला. पक्ष्यांचं काम माझ्याकडून काढलं, फुलपाखरं दिली. काही महिन्यांनी पट्टा उघडला.

मी तात्यांना गाठून सगळं सांगितलं, माफी मागितली.

"मला ठावं हाय की," ते म्हणाले. "लांडोरी रोज येत्यात हितं. म्हनून तर दावली तुमास्नी."

"मग गेल्या वर्षीच का नाही बोललात?"

"इचारलं कुनी?"

फुलपाखरांच्या फॉर्मवरही खात्रीचा रकाना आहे. मेंढपाळाला विचारलं का, हा रकाना मी सुचवला होता. सर म्हणाले, कागदावर जागा नाही. म्हणून मी तो हातानं आखून घेतो.