आत्याची मेंढरं आणि भाच्याची अंडी

जनावरांच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून मेंढ्यांच्या लेंड्या धुवायच्या, गाळायच्या आणि त्यातली जंतांची अंडी वेगळी काढायची, हे त्याचं काम. घरात सगळे त्याला लेंडीपंडित म्हणत. नाव ठेवलं होतं आत्यानं. सध्या लेंड्याही तिच्याच मेंढरांच्या होत्या, त्यामुळे उलट बोलायची सोय नव्हती.

नव्या औषधानं मेंढीच्या यकृतातले चपटे जंत मरत होते. पण त्यांच्या अंड्यांचं काय? ती जगली तर लेंड्यांबरोबर तळ्याकाठी पडणार, पाण्यात फुटणार आणि रोग गवतावरून पुन्हा मेंढरांच्या पोटात जाणार. मग काठावरची चराई बंद. आत्याकडे हिरवं गवत होतं ते तेवढंच. ते गेलं की निम्मा कळप विकणं आलं.

म्हणून दोन बशा. एकीत औषध दिलेल्या मेंढ्यांची अंडी, दुसरीत न दिलेल्यांची. पंधरवडाभर अंधारात ऊब द्यायची, मग दिव्याखाली धरायची. पहिल्या खेपेला दोन्हीकडे सामसूम. आत्या खूश! यानं मान खाली घालून सांगितलं, की बिनऔषधाची अंडी तरी फुटायलाच हवी होती, त्यामुळे सगळं मुसळ केरात. उबेची पेटीच बिघडली असावी.

“नाचता येईना अंगण वाकडं,” आत्या म्हणाली. “कोंबडीला जमतं ते तुला जमेना.”

हे फार झोंबलं. पठ्ठ्यानं पेटी दुरुस्त करून घेतली, नवी अंडी मांडली, खोलीत कुणाला फिरकू दिलं नाही. पोरांच्या वेळी एवढी काळजी घेतली असती तर मी धन्य झाले असते, असं बायको म्हणाली.

दिवा लागला. सूक्ष्मदर्शकाखाली बिनऔषधाच्या अंड्यांची टोपणं उघडली, इवलेसे जीव भिरभिरत बाहेर पडले. जमलं एकदाचं! गडी खोलीत एकटाच नाचला. मग दुसरी बशी सरकवली. तिथंही तीच धांदल. आता बोला! पुन्हा पेटीवर खापर फोडावं, असं त्याला क्षणभर वाटलंही.

आत्या मेंढ्यांना पाणी पाजत होती.

“आत्या, अंडी फुटली. दोन्हीकडची.”

तिनं बादली खाली ठेवली आणि एकदा तळ्याकडे बघितलं. मग त्याच्या पाठीत धपाटा घातला.

“उभ्या जन्मात एक काम धड केलंस, तेही माझ्याच मुळावर आलं.”

दुसऱ्या दिवशी काठाला कुंपण घालताना खांब धरायला तिनं त्यालाच बोलावलं. दुसऱ्या कुणावर तिचा भरवसा नव्हता.