भुरीच्या गळ्यातला पट्टा

पोंभुर्ण्याकडच्या जंगलाला लागून असलेल्या एका गावात बायनाबाई एकटी राहायची. भुरी नावाची म्हैस, तिचं दूध आणि धानाच्या हंगामातली मजुरी, यावर तिचं चालायचं. मागच्या वर्षी जंगलात गवत कापताना वनखात्याच्या गार्डनं तिला पकडलं आणि विळा हिसकावून नेला. चुगली कुणी केली ते कळलंच नाही. तेव्हापासून ती शेजारणीशीही जपून बोलायची.

अशात दामिनी नावाची संशोधक मुलगी दारात आली. रानगवा चालताना, चढ चढताना किती ऊर्जा खर्च करतो ते तिला मोजायचं होतं. त्याआधी यंत्र म्हशीवर तपासून बघायचं होतं.

"ताकद मोजून तुमाले काय भेटते?" बायनाबाईनं विचारलं.

"रस्ते झाले, माणसं वाढली, की गव्याला चाऱ्यासाठी लांब फिरावं लागतं. खाल्लेलं सगळं फिरण्यातच जातं का, ते कळेल."

मुलगी फारच गोड बोलत होती, हेच बायनाबाईला खटकलं. तरी सरपंच मनसारामभाऊंनी गळ घातली म्हणून तिनं भुरीच्या गळ्यात यंत्राचा पट्टा बांधू दिला. पट्ट्याला काडेपेटीएवढी डबी होती. डबी सगळं ऐकते आणि गार्डला कळवते, अशी तिची खात्रीच झाली.

मग तिनं डबीचीच परीक्षा घेतली. भुरीच्या गळ्याशी तोंड नेऊन मोठ्यानं म्हणाली, "उद्या नाल्यापाशी सागवान तोडाले जातो." दुसऱ्या दिवशी भुरीला नाल्याकाठी बांधून ती झुडपामागं दबा धरून बसली. दिवस मावळला तरी गार्ड फिरकला नाही. उगाच संशय घेतला म्हणून ती जराशी ओशाळली.

सकाळी दामिनी घाईघाईनं आली. "बाई, भुरी आजारी आहे का? काल दिवसभर नाल्यापाशी एका जागी उभी होती."

बायनाबाई ताडकन उठली. "नाल्यापाशी? तुले कसं मालूम?"

"यंत्र जागाही दाखवतं. तेवढं सांगायचं राहून गेलं."

"राहून गेलं काऊन? अन् गार्डनं मागितलं तं त्याले देशील?"

दामिनीनं भुरीच्या गळ्यातला पट्टा सोडला. खाली बसून तिनं डबी उघडली. "हालचाल मोजणारा भाग ठेवते. जागा दाखवणारा काढते."

काढलेला तुकडा बायनाबाईनं मागून घेतला आणि कनवटीला खोचला.

"आता बांध. पण म्हशीसंगं मी बी येईन."

दुपारभर दामिनी भुरीला टेकडीवर चढवत-उतरवत होती. बायनाबाई मागून चालत होती. दामिनीच्या हातांवरची नजर तिनं एकदाही हटवली नाही.