सर्वांगीण विकासाच्या चार ओळी

शाळेच्या ऑफिसात नोकरी केली की किस्से जमवावे लागत नाहीत, ते साठतात. जुने फॉर्म ठरावीक वर्षांनी रद्दीत घालता येतात, किश्श्यांना तशी सोय नाही. भिशीत, लग्नात, गच्चीवर पापड वाळवताना कुणीतरी विचारतंच, तुमच्याकडं ॲडमिशनच्या वेळी काय काय होतं हो? मग मी एखादा सांगते. बायका हसतात. पूर्वी मीही हसायचे.

आमची शाळा ख्रिश्चन मिशनची, इंग्रजी माध्यमाची. मी पुंडलिकनगरची, घरात सोवळं पाळणारे सासरे. नोकरी लागली तेव्हा त्यांनी एकच विचारलं, डबा कुणाशेजारी बसून खाणार. मी म्हटलं, खिडकीशेजारी. ते खरंच होतं. ऑफिसच्या त्या खिडकीतूनच मी फॉर्म द्यायचे आणि घ्यायचे.

मी सांगते ते दिवस लागोपाठच्या दुष्काळाचे. शहराचं नाव तेव्हा औरंगाबादच होतं. बायपासकडं नवीन फ्लॅट उभे राहत होते आणि आसपासच्या तालुक्यांतली माणसं बिऱ्हाडं घेऊन शहरात येत होती. आला माणूस की आधी खोली बघायचा आणि लगेच इंग्रजी शाळा.

आमच्या प्रिन्सिपल सिस्टर फिलोमिना केरळच्या. मराठी इथंच शिकल्या, मधूनमधून हिंदी यायची. त्याच वर्षी त्यांनी फॉर्मवर एक नवीन प्रश्न घातला. ‘मुलाचा सर्वांगीण विकास म्हणजे तुमच्या मते काय?’ खाली चार कोऱ्या ओळी. आईबापांनी आपल्या लेकराबद्दल एकदा तरी बसून विचार करावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

* * *

पहिल्या आठवड्यात फॉर्म आले आणि सिस्टर खूश झाल्या. उत्तरं लांबलचक, इंग्रजीत. ‘होल चाइल्ड’चा विकास व्हावा, असं प्रत्येकानं लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की ‘होल’मधला डब्ल्यू कुणीच लिहिलेला नाही. म्हणजे भोक पडलेल्या मुलाचा विकास. एका फॉर्मवर झाली तर चूक समजू, इथं गठ्ठाभर फॉर्म तसेच.

चौकशी केली तर सगळे धागे औरंगपुऱ्यातल्या एका झेरॉक्सच्या दुकानाकडं जात होते. सिस्टरनी मलाच पाठवलं. गर्दीतून वाट काढत मी काउंटरपाशी गेले आणि आमच्या शाळेचं नाव घेऊन फॉर्म मागितला. दुकानदारानं मान वर न करताच विचारलं, “सर्वांगीण भरलेला देऊ का कोरा?”

मी परत येऊन सांगितलं. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी सगळे फॉर्म पुन्हा एकेक करून वाचले, एखादा तरी डब्ल्यू सापडेल म्हणून.

* * *

इंटरव्ह्यूला सिस्टर बसायच्या, बालवर्गाच्या साळवे मिस चित्रं दाखवायच्या आणि मी गुण लिहायचे. चित्रं सोपी. सफरचंद, मांजर, छत्री, नळ.

एक चुणचुणीत मुलगा आला, जेमतेम साडेतीन वर्षांचा. सफरचंद ओळखलं, मांजर ओळखलं, छत्रीसुद्धा ओळखली. मिसनी नळाचं चित्र धरलं. त्यानं खणखणीत आवाजात सांगितलं, “गुरुवार.”

मिसनी पुन्हा विचारलं. पुन्हा गुरुवार. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो चिडला, एवढी साधी गोष्ट या बाईला कशी कळत नाही म्हणून. त्याची आई लाजेनं अर्धी झाली होती. सिस्टरनी तिला विचारलं तेव्हा ती रडायलाच लागली. त्यांच्या वसाहतीत नळाला पाणी फक्त गुरुवारी यायचं. मुलगा रोज सकाळी नळापाशी जाऊन उभा राहायचा आणि ती रोज सांगायची, आज नाही रे बाळा, गुरुवार.

सिस्टर म्हणाल्या, बरोबर द्या. साळवे मिस म्हणाल्या, एकाला दिलं तर बाकीच्यांना काय सांगायचं, नियम सगळ्यांना सारखा. नियम सिस्टरनीच केलेला होता. त्यांनी पुढच्या मुलाला आत बोलावलं. मुलाचा प्रवेश थोडक्यात हुकला. नळापुढचं शून्य माझ्या अक्षरातलं आहे.

* * *

देशपांडे आजोबा नातवाला घेऊन आले होते. घराणं पौरोहित्याचं, स्वतः कोर्टात कारकून म्हणून निवृत्त झालेले. फॉर्म घेण्याआधी त्यांना शाळेची प्रार्थना ऐकायची होती. मी घाबरत घाबरत सिस्टरना सांगितलं. त्या म्हणाल्या, येऊ द्या.

आजोबा दुसऱ्या दिवशी धुतलेल्या धोतरात आले आणि पोरांच्या शेवटच्या रांगेमागं हात बांधून उभे राहिले. पूर्ण प्रार्थना ऐकली. त्या वर्षी शेवटी पावसासाठीही एक ओळ म्हणायचो. प्रार्थना संपल्यावर ते ऑफिसात आले आणि सिस्टरना म्हणाले, “आम्ही यंदा अनुष्ठान केलं, तुम्ही हे म्हणताय. आपलं दोघांचंही वर कुणी ऐकत नाही, एवढं नक्की. द्या फॉर्म.”

सिस्टरनी त्यांना चहा दिला. त्यांनी तो घेतला. मी सासऱ्यांना हे कधी सांगितलं नाही.

* * *

शाळेच्या बोअरला पाणी होतं. ते बाहेर कळलं आणि पालक अभ्यासक्रमाचं विचारायचे बंद झाले. पहिला प्रश्न, तुमच्याकडं पाणी आहे ना? सिस्टरनी परवानगी दिली, मुलांनी घरी जाताना आपली बाटली भरून न्यावी. बाटल्या हळूहळू मोठ्या होत गेल्या.

एक दिवस दुसरीतल्या एका मुलीला मिसनी पुस्तक काढायला सांगितलं. ती काढेना. मिसनी दप्तर उघडलं तर आत एकही पुस्तक नाही, नुसत्या रिकाम्या बाटल्या आणि एक तेलाचा कॅन. मिस रागावल्या. मुलगी शांतपणे म्हणाली, “पुस्तक उद्या पण वाचता येतं, मिस.”

हे इतर पालकांपर्यंत गेलं. आम्ही फी भरतो ती शिक्षणाची, शाळेची पाणपोई करू नका, असं काहींनी लेखी दिलं. कमिटीची मीटिंग झाली. शेवटच्या घंटेनंतर नळ बंद, अशी नोटीस मीच टाइप केली. सिस्टरनी सही करायला पूर्ण दुपार लावली, पण केली. त्या मुलीचं दप्तर दुसऱ्या दिवसापासून पुस्तकांनी भरलेलं यायला लागलं. महिनाभरात तिनं शाळा सोडली.

* * *

देवगाव रंगारीचे एक शेतकरी आले होते, चाळिशीच्या आतले. मोसंबीची बाग वाळून गेली, बागेच्या जागी खुंट उरले. बायको आणि मुलगी यांना पुंडलिकनगरात खोली करून दिली होती, आमच्या मागच्याच गल्लीत. स्वतः गावीच राहायचे, जनावरांपायी.

फॉर्म भरला, त्या चार ओळींपाशी थांबले. मला म्हणाले, माझं अक्षर चांगलं नाय, मी सांगतो, तुम्ही लिवा. मी पेन घेतलं. थोडा वेळ विचार करून ते बोलले, “पोरीला परत गावाकडं यायची गरज पडू नाय, एवढा विकास करा.”

मी लिहिलं. त्यांनी वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं. ते टोपी काढून उभे राहिले आणि म्हणाले, “खोडा मॅडम. बापानं असं लिवू नाय.”

मी पांढरी शाई लावून खोडलं. चार ओळी कोऱ्याच गेल्या. सिस्टरनी तो फॉर्म सगळ्यांत आधी मंजूर केला. त्यांना वाटलं, हा एक माणूस तरी झेरॉक्सवाल्याकडं गेला नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मुलगी गावी जायला तयार होईना. बसस्टँडवर भोकाड पसरून बसली, की तिथं घाण आहे, तिथं पाणी नाही, तिथं मी येणार नाही. सुट्टीनंतर तिचे वडील खिडकीशी आले. तक्रार नव्हती. एवढंच म्हणाले, “तुम्ही खोडलं खरं, पण शाळेनं वाचलं.”

* * *

आता शेवटचा. हा मी भिशीत सांगत नाही.

त्याच वर्षी वाळूजच्या कंपनीत सुपरवायझर असलेले एक गृहस्थ इंटरव्ह्यूला आले. बरोबर मुलगी स्वरा, आणि कडक इस्त्रीच्या साडीतल्या एक बाई. फॉर्मवर आईचं शिक्षण बी.कॉम. लिहिलेलं. बाई सफाईनं इंग्रजी बोलत होत्या. सर्वांगीण विकासावर तर इतकं सुंदर बोलल्या की सिस्टरनी पुढचे प्रश्न विचारलेच नाहीत.

मुलगी मात्र सगळा वेळ दाराकडं बघत होती. साळवे मिसनी पहिलं चित्र धरलं आणि तिचा धीर सुटला. ‘आई’ म्हणून मोठ्यानं रडत ती खुर्चीवरून उतरली, त्या बाईंच्या समोरून पळाली आणि थेट बाहेर गेली.

आवारात कडुनिंबाखाली एक बाई उभी होती. साधं सुती लुगडं, खांद्याला पिशवी, हातात मुलीची पाण्याची बाटली. स्वरा जाऊन तिच्या गळ्यात पडली. वडील आणि त्या इस्त्रीच्या साडीतल्या बाई जागच्या हलल्या नाहीत. सिस्टर बाहेर गेल्या, मागोमाग मी. दोघींचे चेहरे शेजारी दिसल्यावर विचारायचं काही राहिलंच नव्हतं. तरी सिस्टरनी विचारलं, “आप कौन? तुम्ही मुलीच्या कोण?”

ती बाई मुलीचे हात गळ्यातून सोडवायला लागली. सुटेनात. म्हणाली, “मी कोणी नाय, सिस्टर. मी त्यांच्याकडं कामाला हाय. पोरीला लळा हाय माझा, म्हणून आई म्हणती.”

सिस्टरनी मुलीला तिच्याकडंच राहू दिलं. मग आत आल्या, खुर्चीत बसल्या आणि मला म्हणाल्या, “लिहा. मदर प्रेझेंट.”

स्वराला प्रवेश मिळाला. पुढं ती हुशार निघाली, वक्तृत्वात बक्षिसं, गॅदरिंगमध्ये सूत्रसंचालन. पालकसभेला त्या इस्त्रीच्या साडीतल्या बाईच यायच्या. त्या वडिलांच्या चुलतबहीण होत्या, हे मला नंतर कळलं. घ्यायला मात्र रोज ती आईच यायची, कडुनिंबाखाली उभी राहायची, आत कधी यायची नाही. माझ्याशी नजर मिळाली की हसायची. आम्ही त्या दिवसाबद्दल कधी बोललो नाही. सिस्टरची बदली झाली, साळवे मिस निवृत्त झाल्या, त्या दिवसाचं माहीत असलेली मी एकटीच उरले.

स्वरा चौथीत असताना एक नवीन मिस आल्या. शाळा सुटल्यावर कुणाला कुणाच्या ताब्यात देतो हे त्या वहीत लिहून घेत होत्या. मी गेटपाशीच होते. स्वराची पाळी आली. मिसनी कडुनिंबाकडं बोट दाखवून इंग्रजीत विचारलं, या कोण?

स्वरानं मागं वळूनही पाहिलं नाही. शब्द न शब्द स्वच्छ उच्चारत म्हणाली, “शी वर्क्स फॉर अस, मिस.”

मिसनी तसं वहीत लिहून घेतलं. तेवढ्यात ती आई दोन पावलं पुढं आली, मुलीचं दप्तर आपल्या खांद्यावर घेतलं आणि कौतुकानं फुललेल्या चेहऱ्यानं मला हळूच विचारलं, “काय म्हणली हो मॅडम ती? किती फाडफाड बोलती ना?”