फोटोपुरती मिसरी

डाव्या तळहातावर काळी पूड, उजव्या हाताचं बोट दातांवर, आणि कुणी काही विचारलं की एकच उत्तर : "थांबा सर, डोस्कं जागं होऊन राहिलं."

सेनगाव तालुक्यातल्या आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींची सकाळ अशी सुरू व्हायची. तव्यावर जाळलेल्या तंबाखूची ती पूड, म्हणजे मिसरी, तुमच्याही गल्लीत कुणीतरी लावत असेल.

शाळा तंबाखूमुक्त करायची म्हणून फाटकाबाहेर रस्त्यावर पिवळा पट्टा ओढला गेला; पट्ट्याच्या आत तंबाखू बंद. मावशींनी तो नीट पाहिला आणि आपली डबी पट्ट्यापलीकडच्या कडुलिंबाच्या ढोलीत ठेवली.

"आता बराबर हाय न्हवं?"

मग हुकूम निघाला : चुलीपाशी मिसरी लावणारं माणूस चालणार नाही. गुडघ्यांमुळे खुरपणी सुटली होती. मावशींकडे हेच एक काम उरलं होतं. त्या माझ्याकडे आल्या. मी विज्ञान शिकवतो.

"मेंदूच्या देठात काही पेशी असतात, मावशी. त्या नॉरअ‍ॅड्रेनालिन सोडतात, त्यानं माणूस तरतरीत होतो. त्या पेशींवर ग्राही असतात. बसायच्या जागा समजा. शरीराच्याच एका रसायनासाठी केलेल्या. निकोटिन तिथं येऊन बसतं."

"दुसऱ्याच्या जागेवर?"

"व्हय. आणि रोज येऊ लागलं की अशा जागा वाढतात. बंद केलं की त्या ओरडतात."

"वरडू द्या. तुमच्या वर्गातली लेकरं वरडत न्हाईत का?"

तालुक्याला व्यसनमुक्तीच्या सल्ल्याची झकपक पाटी होती आणि पाटीखालच्या दाराला कुलूप. मावशींनी एकटीनंच मिसरी सोडली. खिचडीत कधी मीठ नाही, कधी दुप्पट. तांदळाच्या पोत्याला टेकून भरदुपारी डुलक्या. मला तर दोनदा झाऱ्यानं हाकललं. दिवाळीनंतर मात्र त्या तोंडाला पदर न लावता हसू लागल्या.

आणि मग तालुक्याहून शिक्षणखात्याचे साहेब आले. मैदानात व्यसनांची होळी पेटली, सगळ्यांनी व्यसनमुक्तीची शपथ घेतली. निर्धार या विषयावर साहेब बोलले, बरंच बोलले. आता मावशींनी आपली मिसरी आगीत टाकायची होती.

"माझ्यापाशी न्हाई, साहेब. सोडली."

सोडली ही गोष्ट कार्यक्रमात बसत नव्हती. साहेबांनी ड्रायव्हरला दुकानावर पिटाळलं. मी म्हणालो, "साहेब, कोळशाची पूड देऊ. फोटोत कळणार नाही."

"सर, चांगल्या कामात खोटेपणा नको," साहेब म्हणाले.

फोटोग्राफरनं मावशींना ताजी पुडी फोडायला लावली. "हातावर घ्या मावशी. वर धरा. अजून एक. हसा की!"

दुसऱ्या दिवशी त्या बोटं हुंगत माझ्यापुढे उभ्या राहिल्या. "साबनानं धुतलं, राखेनं धुतलं. वास जाईना, सर. त्या जागा पुन्हा वरडून राहिल्या."

आठवड्याभरात दात काळे झाले. शपथ मोडली म्हणून साहेबांनी त्यांना कामावरून काढायला लावलं. जाताना त्या रडल्या नाहीत. "मी तर सोडली व्हती, सर. मला काहून आनून दिली?"

याचं उत्तर कोणत्याही ग्राहीपाशी नाही. ते साहेबांपाशी आहे, आणि साहेबांची बढती झाली आहे.

मावशी लेकीकडे वसमतला गेल्या. फोटो ऑफिसात टांगलेला आहे. साहेब कॅमेऱ्याकडे पाहून हसतात; शेजारी मावशी हात लांब धरून, मान वळवून, ओठ घट्ट मिटून श्वास रोखून उभ्या आहेत. पाहायला येणारे म्हणतात, धूर लागला असेल.

धूर दुसऱ्या बाजूला चाललेला फोटोत स्वच्छ दिसतो.