डेहराडूनला न गेलेला हवालदार

त्या हिवाळ्यात आमची पलटण वायव्य सरहद्दीवरच्या एका छावणीत होती. मी ‘बी’ कंपनीत लान्स हवालदार होतो. वय तेवीस. गाव कळस, तालुका इंदापूर. मराठी सातवी पास आणि बारामतीला इंग्रजी चार यत्ता, एवढं शिक्षण. पलटणीत ते पुष्कळ होतं.

दिवस ठरलेला असे. साडेपाचला बिगूल, सहाला पी.टी., आठला परेड. आठवड्यातून दोनदा ‘रोड ओपनिंग’. म्हणजे खालच्या रस्त्यानं रसदीच्या लॉऱ्या जायच्या, आणि त्या सुखरूप जाव्यात म्हणून दोन्ही बाजूंच्या टेकड्यांवर आम्ही दिवसभर बसायचं. टेकडीवर बसणाऱ्या तुकडीला पिकेट म्हणत. संध्याकाळच्या आत उतरून छावणीत परत.

एका दुपारी चार वाजता कंपनी कमांडरनं मला ऑफिसात बोलावलं. कॅप्टनसाहेब इंग्रज होता, पण आमच्याशी हिंदुस्तानीत बोलायचा. गेले वर्षभर नकाशा वाचायला तो मलाच जवळ बसवून घेत असे. टेबलावर दोन कागद होते.

“शंकर, दो रास्ता है,” तो म्हणाला. “ये हवालदार का. तुम्हारी ही प्लॅटून में. और ये डेहराडून का.”

डेहराडूनला हिंदी अफसर तयार करायची शाळा निघून फार वर्षं झाली नव्हती. लायनीतल्या जवानांसाठी तिथं थोड्या जागा असत. आधी इंग्रजीच्या शाळेत जायचं, मग डेहराडून. तीन-साडेतीन वर्षांनी खांद्यावर अफसराचं फूल. पण मग आपल्या पलटणीत परत यायचं नाही. हिंदी अफसरांसाठी ठराविक पलटणी होत्या, तिकडे जायचं.

“छुट्टी जाओ. बाप से पूछो. वापस आकर हाँ या ना.”

मी सॅल्यूट केला आणि बाहेर आलो. बाहेर यशवंत तावरे उभा होता. तो मोरगावचा. आम्ही एकाच दिवशी भरती झालो, सहा वर्षं एकाच प्लॅटूनमध्ये होतो. तो नाईक होता, दोन नंबर सेक्शनचा कमांडर. मी त्याला सगळं सांगितलं.

“मग इचार कसला करतोस?” तो म्हणाला. “जा. आपल्या मुलखातला एक तरी साहेब व्हऊ दे.”

“आणि तू?”

“मी हितं तुजी हवालदारी घेतो.” तो हसला. मग म्हणाला, “मोरगावला जाऊन ये. आईला एवढंच सांग की बरा हाय. तुज्या जाण्याचं काय बोलू नगंस. उगं काळजी करंल.”

मला जायचं होतं. हे स्पष्ट लिहितो, कारण पुढे लोकांचा असा समज झाला की मला अफसरीची हाव नव्हती. होती. टेकडीवर कोणती तुकडी कुठे ठेवायची हे कागदावर ठरवणारा माणूस मला व्हायचं होतं. नकाशा हातात आला की माझा ऊर भरून यायचा.

पाच दिवसांचा प्रवास करून दौंडला उतरलो. तिथून छोट्या गाडीनं बारामती. स्टेशनावरून सरळ मास्तरांच्या घरी गेलो. कुलकर्णी मास्तरांनी मला इंग्रजीच्या चार यत्ता शिकवल्या होत्या. त्यांनी माझा युनिफॉर्म खालपासून वरपर्यंत पाहिला.

“पंचविशीच्या आत आहेस ना?”

“हो.”

“मग ही संधी पुन्हा येणार नाही, शंकर. व्याकरण कच्चं आहे तुझं. रजेत रोज ये.”

कळस ते बारामती रोज जमण्यासारखं नव्हतं. म्हणून आठवड्यातून तीन दिवस मी मास्तरांकडे मुक्कामाला राहिलो आणि उरलेले चार दिवस घरी. सकाळी निबंध, दुपारी हिशेब, संध्याकाळी कालव्याच्या कडेनं मास्तरांबरोबर फिरणं. फिरताना इंग्रजीतच बोलायचं असा त्यांचा हुकूम. बागाइतातल्या बाया डोक्यावर मेथीच्या पाट्या घेऊन थांबायच्या आणि तोंडाला पदर लावून हसायच्या. आयुष्यातले ते सहा आठवडे मला सगळ्यात जास्त आठवतात. अजून काही ठरलेलं नव्हतं, आणि दोन्ही गोष्टी माझ्याच होत्या.

आबांना मी शेवटच्या आठवड्यात विचारलं. माझे वडील. तरुणपणी मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जायचे, आता चार पट्ट्या शाळू करत होते. शाळू हुरड्याला आला होता. ते पाखरं हाकायला माळ्यावर बसले होते.

“साहेब झालास तर कुठं बसून जेवशील?” त्यांनी विचारलं.

“अफसरांची मेस वेगळी असते.”

“आन् ही तुजी पोरं?”

“त्यांचा लंगर वेगळा.”

त्यांनी गोफण फिरवली, दगड सोडला. पाखरं उठली आणि पलीकडे बसली.

“तुज्या मनात काय हाय?”

“जायचं हाय, आबा.”

“मग मला कशापायी इचारतोस? जा की.”

असं सगळीकडून ‘हो’ झालं होतं. घरच्यांचा निरोप घेऊन बारामतीला आलो. मास्तरांनी माझा अर्ज स्वतःच्या अक्षरात लिहून तयार ठेवला होता. खाली फक्त माझी सही बाकी होती. तो खिशात घालून सर्व्हिस मोटारीनं मोरगावला गेलो. तिथून जेजुरीला चालत जाऊन पुण्याची गाडी धरायची होती.

यशवंतची आई दारात बाजरी पाखडत होती. मी राम राम केला. माझा गणवेश बघून तिच्या हातातलं सूप खाली आलं.

“यशवंत बरा आहे, काकू,” मी आधी तेच बोललो.

मग तिनं मला बसवलं. भाकरी, हुलग्याची पिठी, कांदा. जेवण झाल्यावर तिनं विचारलं, “शंकर म्हंजी तूच न्हवं? त्यो लिवतो तुज्याबद्दल.”

“काय लिहितो?”

“लिवतो, मी फुडं पळतो आन् शंकर मागं वढतो.” तिनं सूप पुन्हा हातात घेतलं. “ल्हानपनापासनं तसाच हाय त्यो. कऱ्हेला पानी आलं का पैल्यांदा ह्योच उडी टाकायचा. तू हाईस न्हवं त्याच्यापाशी?”

तिला काहीच ठाऊक नव्हतं. यशवंतनं सांगू नको म्हटलं होतं.

“आहे, काकू,” मी म्हणालो.

मोरगाव ते जेजुरी पाच कोस आहे. रात्री तिथंच राहून सकाळी निघालो तो दुपारी पोचलो. माळ उघडा होता, कुठे शेळ्या, कुठे बाजरीची राहिलेली ताटं. पहिले दोन कोस मी स्वतःशी वाद घातला. मी काय त्याची दाई आहे? तो नाईक आहे, नऊ जवान त्याच्या हाताखाली आहेत. तिसऱ्या कोसाला वाद संपला. जेजुरी स्टेशनावर बाकावर बसलो आणि खिशातला अर्ज उघडून वाचला. मास्तरांचं अक्षर फार सुंदर होतं. सही न करताच मी त्याची घडी घातली.

पलटणीत पोचल्यावर कॅप्टनसाहेबासमोर उभा राहिलो.

“हाँ या ना?”

“ना, साहब.”

त्यानं कारण विचारलं. मी म्हणालो, “प्लॅटून.” मग डेहराडूनचा कागद त्यानं खणात ठेवला. पुढच्या आठवड्यात तो ‘डी’ कंपनीच्या एका नाईकाला मिळाला, आणि मला हवालदारी.

यशवंतनं मला क्वार्टर गार्डच्या, म्हणजे पहाऱ्याच्या खोलीच्या, मागे गाठलं.

“आईनं काय सांगितलं तुला?”

“काही नाही.”

“खोटं बोलू नगंस. माज्यासाठी ऱ्हायलास व्हय? मी काय तान्हं हाय?”

त्यानं टोपी नीट केली, टाचा जुळवल्या. “ठीक हाय, हवालदार,” म्हणाला आणि गेला. त्या दिवसापासून तो मला शंकर म्हणाला नाही. ड्यूटीचं तेवढं बोलायचा. एकदा लंगरात मी त्याच्याशेजारी बसलो, तर तो ताट घेऊन उठला. पाच आठवडे असे गेले.

मार्चमध्ये एका रोड ओपनिंगला आमची प्लॅटून एका उंच टेकडीवर पिकेट होती. आमचे जमादारसाहेब, म्हणजे प्लॅटूनचे कमांडर, तापानं हॉस्पिटलात होते. प्लॅटून माझ्याकडे होती. दिवस शांत गेला. टेकडी चढणं सोपं असतं. उतरणं अवघड, कारण आपण माथा सोडला की काही मिनिटांत शत्रू तिथं येतो. म्हणून एक सेक्शन शेवटपर्यंत वर ठेवायचं, बाकीच्यांनी खाली जाऊन त्यांच्यासाठी बंदुका रोखायच्या, मग त्यांनी धावत उतरायचं.

तीन वाजून दहा मिनिटांनी खालून लाल झेंडी हलली. उतरा.

शेवटी कोण राहणार ते मला ठरवायचं होतं. दोन नंबर सेक्शन सगळ्यात चांगलं होतं.

“दोन नंबर मागे राहील,” मी म्हणालो. “शिट्टी झाली की सरळ खाली. थांबायचं नाही.”

“ठीक हाय, हवालदार,” यशवंत म्हणाला.

मी दोन सेक्शन घेऊन दोनशे यार्डांवरच्या खडकापर्यंत उतरलो. लुईस गन, म्हणजे आमची हलकी मशीनगन, माथ्यावर रोखून लावली. तीन चोवीसला शिट्टी दिली. वरचे जवान धावत निघाले. मी मोजत होतो. सात, आठ, नऊ. तेवढ्यात पलीकडच्या सोंडेवरून गोळीबार सुरू झाला आणि दहावा माथ्याच्या अलीकडेच पडला. तो इंदापूरचा शिपाई किसन जगताप होता. यशवंत त्याच्या बराच पुढे, माझ्यापासून पन्नास यार्डांवर आला होता. त्यानं मागे वळून पाहिलं.

मी ओरडलो, “यशवंत, थांब! आधी गन चालू दे!”

तो थांबला नाही. वर पळत गेला.

लुईस गननं माथ्यावर मारा धरला. मी सहा जवान घेऊन बॅयोनेट चढवून वर निघालो. चढायला नऊ मिनिटं लागली. माथ्याखाली यशवंत किसनला पाठीशी घेऊन एका दगडाआड बसला होता आणि गोळ्या झाडत होता. किसन आधीच गेला होता. यशवंतच्या पोटात गोळी होती. सरहद्दीवर आम्ही कुणालाही मागे ठेवत नसू. मी यशवंतला खांद्यावर घेतलं. दोघांनी किसनला धरलं. बाकीचे गोळीबार करत मागे सरकत होते. उतरताना लान्स नाईक भिवा काळे गोळी लागून जागीच गेला. त्यालाही आणलं.

खाली रस्त्यावर स्ट्रेचरवर ठेवलं तेव्हा यशवंत शुद्धीवर होता.

“शंकर,” तो म्हणाला. “किसनला आणलं का?”

“आणलं.”

त्यानं मान हलवली. छावणीच्या वाटेवर, पाच वाजायच्या आत, तो गेला.

पुढच्या रजेत मी आधी मोरगावला गेलो. काकूंनी मला भाकरी वाढली आणि समोर बसून राहिल्या. मी डेहराडूनच्या कागदाची गोष्ट त्यांना सांगितली नाही, ती जन्मभर राहून गेली.

‘डी’ कंपनीचा तो नाईक पुढे लेफ्टनंट झाला. एकदा पुण्याच्या स्टेशनावर भेटला. मी सॅल्यूट केला. त्याच्या बगलेत नकाशाची नळी होती. त्याला बघून वाईट वाटलं का, असं लोक विचारतात. वाटलं. गाडी सुटेपर्यंत मी त्या नळीकडे बघत होतो. पण जेजुरीच्या बाकावर आज कुणी मला पुन्हा बसवलं, तरी मी सही करेन असं वाटत नाही. राहून काही वाचलं नाही, हे मला कळतं. तरीही.

आता कळसला पहाटे जाग येते तेव्हा मला मेस आठवत नाही, डेहराडून आठवत नाही. हजेरी आठवते. प्रत्येक सेक्शन कमांडरनं पुढे येऊन ‘सब हाजिर’ म्हणायचं असा नियम होता. किसन रांगेत डावीकडून तिसरा असे, भिवा टोकाला. यशवंतला तो नियम कधी जमला नाही. त्यासाठी जमादारसाहेबांनी त्याला दोनदा पाठीवर बोजा बांधून पिठ्ठू परेडची शिक्षा दिली होती. तरी तो टाचा जुळवून, छाती काढून, गावाकडच्यासारखंच ओरडायचा, “दोन नंबर सेक्शन, समदी हाईत!”