देवा म्हणायचं, दादा नव्हे

नगरच्या दवाखान्यातून निरोप आला तेव्हा मी कणीक मळत होते. राहात्याच्या स्टँडवर सकाळची पहिली एसटी थांबली आणि तिचा कंडक्टर, आमच्या ओळखीचा, घरापर्यंत चालत आला. दारातूनच म्हणाला, "बाई, तुमच्या नणंदबाई गेल्या. तुमचे साहेब दुपारला त्यांना घेऊन येत्यात." आक्कांचा दमा जुना. शेवटी शेवटी तर त्यांना आडवं होता येत नव्हतं, बसूनच झोपायच्या. सुटल्या, असं मला वाटलं, आणि तसं वाटल्याचं वाईट वाटलं नाही. हात धुताना दुसरा विचार आला, तोही रडण्याचा नव्हता. आता त्या भजनाचं कसं करायचं?

आक्का म्हणजे माझ्या यजमानांची, मनोहररावांची, थोरली बहीण, मार्था. मिशनच्या शाळेत शिक्षिका होत्या आणि आमच्या ख्रिस्ती मंडळीत भजनं सांगायच्या. लग्नानंतर थोड्याच वर्षांत पती वारले, तेव्हा माहेरी आल्या आणि आमच्याच घरी राहिल्या. आल्यानंतर वर्षभर त्या गायल्या नाहीत. मग एकदा भाकरी थापता थापता त्यांच्या तोंडून एक ओळ निघाली, 'उजळ रे देवा, अंतर माझे'. थापण्याच्या ठेक्यावरच ती चाल बसली होती. भाकरी करपली, पण भजन झालं. पुढे कित्येक वर्षं आमच्याकडे बारसं असो की माती, ते म्हटल्याशिवाय काही पार पडत नसे.

आमच्या मंडळीच्या वार्षिक मेळाव्याला एकदा पुण्याचे एक पाहुणे आले. रेडिओसाठी जाहिराती करायचे. त्यांनी ते भजन ऐकलं आणि आक्कांच्या मागेच लागले. "चाल तुमची, आवाज तुमचा, शब्द तेवढे आमचे." दंतमंजनाची जाहिरात होती. आक्का म्हणाल्या, "पोरांनी दात घासले तर वाईट काय आहे? वर्गात मी तेच ओरडत असते." पुण्याला जाऊन गाऊन आल्या आणि येताना हातात मावेल एवढा जपानी ट्रान्झिस्टर घेऊन आल्या, मानधन म्हणून दिलेला. महिनाभरातच त्या ट्रान्झिस्टरमधून त्यांचाच आवाज आला, 'उजळ रे दादा, दात हे तुझे!' आमच्या घरात तेव्हा हसून हसून कुणाला जेवण गेलं नाही.

मग आक्का प्रसिद्ध झाल्या. बाजारात माळणी हाका मारायच्या, "ओ दादावाल्या बाई, वांगी घ्या की, लई कवळी हायेत!" आक्कांना ते आवडायचं, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. पदर सावरून वांगी घ्यायच्या, घरात वांगी असली तरी. त्या स्वतः मात्र शेवटपर्यंत राखुंडीनेच दात घासत होत्या. कंपनीकडून आलेल्या मंजनाच्या डब्यांत मी कोथिंबीर लावली.

ही मजा एका रविवारी संपली. उपासनेत भजन सुरू झालं. पाळकसाहेब डोळे मिटून, दोन्ही हात वर करून अगदी मनापासून म्हणून गेले, 'उजळ रे दादा...' बायकांच्या बाजूला पदर तोंडात गेले. पुरुषांच्या बाजूला खोकला सुरू झाला. पाळकसाहेब भले माणूस, पण कानापर्यंत लाल झाले. त्या आठवड्यात पंच बसले आणि ठरलं की, हे भजन काही दिवस बाजूला ठेवू या. आक्का "बरं" म्हणाल्या. काही दिवसांची वर्षं झाली. जाहिरात मात्र चालूच होती, रोज सकाळी, बातम्यांच्या आधी. ती लागली की आक्का ट्रान्झिस्टरचं बटण फिरवून आवाज अगदी बारीक करायच्या. बंद करत नसत, कारण बातम्या हव्या असायच्या. आवाज पुन्हा केव्हा वाढवायचा हे त्यांना बरोबर कळायचं... चाल त्यांचीच होती.

मी त्यांना शेवटची भेटले ती दवाखान्यात. तिथल्या नर्सने त्यांना बोलण्यावरून ओळखलं. "अय्या, तुम्हीच का त्या दादावाल्या?" आक्का हसल्या, पण ती गेल्यावर माझा हात धरून म्हणाल्या, "सुमन, माझ्या मातीला तेच भजन लाव. पंचांना तू सांग, मनोहरला जमायचं नाही. आणि देवा म्हणायला लाव. दादा म्हणत मला पुरलं, तर मी उठून बसेन बघ." धाप लागल्यामुळे एवढं बोलायला त्यांना बराच वेळ लागला. मी हो म्हटलं.

आक्कांचे शब्द मी यजमानांना, पाळकसाहेबांना आणि पंचांना जसेच्या तसे सांगितले. पंचांनी आढेवेढे घेतले नाहीत. माणूस गेल्यावर कोण घेतो? खरी अडचण पुढेच होती. मी गाणाऱ्या मंडळींना अंगणात बसवलं आणि तालीम घेतली. "देवा म्हणायचं. दे-वा." सगळ्यांनी मान डोलावली आणि पहिल्याच ओळीला निम्म्या जणी दादा म्हणाल्या. "वहिनी, तोंडात तेच बसलंय ओ, काय करू?" एक जण रडत रडत हसायला लागली. ढोलकीवाले याकोबमामा म्हणाले, "तुमी काळजी करू नका. त्या शब्दावर मी अशी थाप देतो, देवा का दादा कुनाला कळायचं न्हाई." मी म्हटलं, "मामा, कळलं पाहिजे. तेवढ्याचसाठी तर चाललंय." शेवटी मी ठेका निम्म्याने उतरवला, भाकरी थापायच्या गतीवर आणला. तेव्हा कुठे सगळ्यांच्या तोंडून देवा निघाला.

दफनभूमीत पहिलं कडवं अगदी स्वच्छ झालं. देवा, देवा, देवा. माझ्या खांद्यांवरचं ओझं उतरलं. आणि तेवढ्यात मागून आवाज आला, खणखणीत, 'उजळ रे दादा!' बाजारातल्या माळणी आल्या होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं आणि तालमीचं काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. आक्कांचं जेवढं येत होतं तेवढं त्या म्हणत होत्या, डोळे पुसत. याकोबमामांनी थापेसाठी हात उचलला आणि माझ्याकडे पाहिलं. मी मानेनेच नको म्हटलं. यजमान माझ्या शेजारी उभे होते. दवाखान्यात गेल्यापासून त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नव्हतं. ते हसले. "आता उठेल बघ ती," म्हणाले. पाळकसाहेबांनीही ते ऐकलं आणि भर दफनात हसू दाबत त्यांनी पुढचं कडवं सुरू केलं. पुढून देवा, मागून दादा, असं ते भजन शेवटापर्यंत गेलं. आक्का काही उठल्या नाहीत. त्याअर्थी चाललं असावं.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी स्वतःच ते भजन घेतलं. कुणी चुकलं नाही, आणि चुकलं असतं तरी आता कुणाला त्याची धास्ती उरलेली नाही.

ट्रान्झिस्टर अजून स्वयंपाकघरातल्या फळीवर आहे. परवा सकाळी जाहिरात लागली तेव्हा यजमानांचा हात आक्कांच्या सवयीने बटणाकडे गेला. त्यांच्याकडे बहिणीचा दुसरा कुठलाच आवाज नाही.

"असू द्या," मी म्हटलं, "मोठा करा जरा."

त्यांनी मोठा केला. मी भाकरी थापत राहिले.