गप्प बसायचा हक्क

गाळणीत चोथा साचतो ना, तसे ऑफिसात किस्से साचतात. कितीही झटका, तळाला थोडं राहतंच. मी मालाडच्या एका ऑफिसात चहा करतो. तिथली पोरं दिवसभर अमेरिकेतल्या कोर्टांचे कागद वाचतात आणि तिकडच्या वकिलांना नीट लावून देतात. मला वाचता येत नाही. पण घाटकोपरची संगीता चहा घेताना मराठीत सगळं समजावते. त्यामुळे अमेरिकेतले हक्क मला बऱ्यापैकी पाठ झालेत!

*

एकदा ती म्हणाली, "काका, तिकडे कोर्टाच्या कागदाशिवाय पोलीस घराची झडती घेऊ शकत नाहीत." दुसऱ्या दिवशी गेटवर वॉचमनने तिची बॅग उघडली. बॅगेतला डबाही उघडला.

ही म्हणते, "वॉरंट है क्या?"

तो म्हणतो, "वॉरंट नहीं मॅडम, भूख है!"

*

आमचा दीपक जरा तोंडाळ. "तिकडे राष्ट्राध्यक्षाला भर चौकात शिव्या घाला, कोण काय करत नाय!" असं सांगत फिरायचा. त्याच जोशात त्याने ऑफिसच्या ग्रुपवर टाकलं, एसी आठवडाभर बंद आहे, वाट लागलीय.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. शांतपणे म्हणाले, "दीपक, तू राष्ट्राध्यक्षाला बोल ना यार. एसीला कशाला बोलतोस?"

*

मग तो गप्प बसायचा हक्क निघाला. पोलिसांनी पकडलं, तरी माणूस म्हणू शकतो, मी बोलणार नाही.

मी म्हटलं, "अगं, त्याला हक्क कशाला लागतो? आम्ही जन्मभर फुकटच गप्प बसलो!"

सगळे हसले. संगीता तर डोळे पुसत हसली.

*

तिचा भाऊ निलेश घाटकोपरला स्टेशनबाहेर मोबाइलची कव्हरं विकायचा. काय त्याचा आवाज! गिऱ्हाईक पुलावर असतानाच त्याला हाक ऐकू जायची. घरातही तेच. आई म्हणायची, "मेल्या, जेवताना तरी तोंड मीट."

कुणाचा तरी फोन चोरीला गेला आणि याला उचलून नेलं. संगीता ऑफिसातूनच निघाली. मी सोबत गेलो. चौकीच्या दारातून तिने आईला फोन केला, "आई, घाबरू नकोस. त्याला गप्प राहायचा हक्क आहे."

आत हवालदारालाही तेच सांगितलं. "आपल्या घटनेतसुद्धा आहे, साहेब."

हवालदार चिडला नाही. बशीतल्या चहावर फुंकर मारत म्हणाला, "राहू दे की गप्प. आम्ही कुठं घाई करतोय?"

आतून काही ऐकू येत नव्हतं. निलेश आत असूनही.

*

चोर दुसराच निघाला. निलेशला सोडलं.

पुढच्या रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. तो भिंतीला टेकून बसला होता. "काय रे निल्या, धंदा कधी सुरू करतोस?" मी विचारलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. कव्हरांची पिशवी दारामागे तशीच बांधलेली. आल्यापासून एक शब्द नाही, संगीता हळूच म्हणाली.

आईने त्याच्यापुढे ताट ठेवलं. थोडा वेळ तिथेच उभी राहिली. मग संगीताकडे वळून अगदी साधेपणाने म्हणाली,

"संगे, तो हक्क परत देता येतो का गं?"